जंगलूच्या जिवाची वाट पाहणाऱ्या सखूबाईस गोदामातून उठविणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, देवळी, जि. वर्धा

अर्जदार : चंद्रभान डफरे, प्लास्टिक भंगार व्यापारी, नाचणगाव

विषय : गोदामात ठाण मांडलेल्या बाईस उठवून माल रवाना करू देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने सोमवारी आपल्या दालनाबाहेर केलेली तोंडी विनंती.

महोदय,

१. अर्जदार पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन, धुऊन, दाबून त्यांचे गठ्ठे बांधतो. नव्या बाटलीत जुने प्लास्टिक मिसळायची सक्ती आल्यापासून कंपन्या अशा मालावर तुटून पडल्या. चढत्या भावात माल सोडणारा व्यापारी मूर्ख, हे साहेबांना सांगायला नको. म्हणून अर्जदाराने माल रोखला आणि जागा पुरेना तेव्हा गठ्ठ्यांवर गठ्ठे चढवले.

२. गेल्या आठवड्यात ते थर कोसळून मजूर जंगलू मडावी त्याखाली मयत झाला. अर्जदारास अतोनात दुःख झाले. पंचनामा झाला, प्रेत घरच्यांना मिळाले, माती झाली. वास्तविक प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. परंतु मयताची बायको सखूबाई दुसऱ्याच दिवशी गठ्ठ्यांपाशी येऊन बसली, ती उठायचे नाव घेत नाही.

३. चौकशीअंती समजले की, तिच्या घरच्या रिवाजाप्रमाणे माणूस जिथे गेला तिथे जो किडामुंगी आधी दिसेल, त्यातून त्याचा जीव परततो. तो पानाच्या द्रोणात घालून घरी देवांजवळ न्यायचा. नाही नेला तर तो बाहेरच भटकत राहतो. बाईचे म्हणणे जसेच्या तसे : “मालक, त्याले घरी नेल्याबिगर मी उठत नाई. एखांदा किडा दिसू द्या, मंग खुशाल न्या तुमचा माल.”

४. अडचण अशी की, अर्जदाराचा माल एक नंबर आहे. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यातून निघालेल्या प्लास्टिकवर किडा फिरकत नाही. बाई रिकामा द्रोण मांडीवर घेऊन बसते आणि इकडे चढलेला भाव आता रोज उतरतो.

५. तरीही माणुसकीला जागून अर्जदाराने दुकानातले एक झुरळ काडेपेटीत घालून तिला नेऊन दिले. तिने ते परत केले. म्हणाली, “हे तुमच्या दुकानातलं झुरय हाय, मालक. मी माह्या मानसाले ओयखते.” भलाईचा जमानाच राहिला नाही, साहेब.

६. आज सकाळी बाई नळावर पाणी प्यायला गेली असता, जंगलू जिथे दबला त्याच जागच्या गठ्ठ्यावर दिव्यावर झेपावते तसले एक तपकिरी पाखरू येऊन बसले. अर्जदाराने स्वतः पाहिले. नेमका त्याच वेळी कंपनीचा माणूस माल तपासायला फाटकात उभा. किडा दिसला की अख्खा माल परत जातो. सबब अर्जदाराने ते चपलेने मारले व जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली. बाई परत येऊन बसली आहे. तिला यातले काही सांगितलेले नाही.

तरी, जंगलू आता येणार नाही, एवढे एखाद्या सरकारी माणसाने तिला समजावून सांगावे. अर्जदाराचे ती खरे मानत नाही.

आपल्या हुकमाकडे डोळे लावून बसलेला,
चंद्रभान डफरे
नाचणगाव, दि. ९ मे २०२५

सोबत : मालात किडा आढळला नसल्याबाबत कंपनीच्या माणसाचा आजचा शेरा.