पानवेलीला लावलेला हात

आई, तुझं पोट दुखायचं ना, तसल्या दुखण्याला नाव असतं. एंडोमेट्रिओसिस. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी ते मला कागदावर लिहून दिलं तेव्हा आधी तूच आठवलीस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढतं, पाळीच्या दिवसांत तेही रक्त गाळतं आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटवून टाकतं. तुला हेच होतं की आणखी काही, हे आता कोण सांगणार? तुला कुणी तपासलंच नाही. माझ्या डाव्या बाजूला गाठ निघाली, तिला चॉकलेटची गाठ म्हणतात. मला हसू आलं, मेल्यांना दुसरं नाव सुचलं नाही का? दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, बेंबीपाशी आणि खाली बारीक टाके पडले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल हवं असेल तर आता वेळ घालवू नका. हे परत वाढू शकतं. दुखायला लागलं तर लगेच कळवा." मूल मला हवंय, आई. इतकं हवंय की कुणाचं बाळ कडेवर घ्यायचीही हल्ली भीती वाटते.

येताना नवऱ्याने गाडी इतकी सावकाश चालवली की मागचा डंपरवाला शिव्या घालून पुढे गेला. मी पोटाशी उशी धरून बसले होते. म्हसळा मागे पडलं आणि तू गेलीस ते वळण आलं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर आहे, मामा पुढे बसलाय, तुला माणगावच्या दवाखान्यात न्यायचंय आणि अजून म्हसळासुद्धा आलेलं नाही. मी तेव्हा दहावीत. डाव्या कुशीवर दाबून धरलेला तुझा हात नंतर सोडवताना मामाला जोर लावावा लागला होता. त्या वळणावर मी नवऱ्याला म्हटलं, जरा लवकर ने. त्याला वाटलं, टाके दुखतायत.

श्रीवर्धनच्या आपल्या वाडीत एक नियम फार कडक होता. पाळी आली म्हणून बाजूला बसलेल्या बाईने पानवेलीला हात लावायचा नाही, तिची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, नाहीतर वेल जळते. त्यामुळे कुठली बाई कधी बाजूला आहे हे सगळ्या वाडीला माहीत. सुपारी सोलायला बसलीस की तुझ्या कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे. पण नुसतं दुखतंय म्हणून कोण उठू देणार, बायकांची पोटं दुखायचीच. मग तू अडकित्ता खाली ठेवायचीस, "मी बाजूला हाय" म्हणायचीस आणि पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर आडवी व्हायचीस. एकदा मी तुला लांबून पेज सरकवली तर तू माझा हात धरून जवळच ओढलंस. मी घाबरले, शिवलीस की गं मला. तू हळूच म्हणालीस, "न्हाय गं, खोटंच सांगितलंय. तेवढंच पडायला मिळतं. कुणाला बोलू नको."

मी नाही बोलले. पण घरातल्या बायकांच्या लक्षात आलंच की ही महिन्यातून दोन-दोनदा बाजूला बसते. मग तुला कायमचीच वेलीपासून लांब ठेवली, भगताकडे नेली, दंडाला दोरा बांधला, अंगारा लावला. सगळे तुझ्या नसलेल्या रक्तावर उपाय करत बसले आणि असलेलं दुखणं तसंच राहिलं. मला अजून राग येतो. त्यांचा येतो, आणि खरं सांगू, तुझाही येतो. एकदा तरी ओरडायचंस गं.

इथे दिवेआगरला सासरी आता तसं काही कडक नाही. आमच्याकडे पाहुणे उतरतात, त्यांच्या पोह्यांना आणि माशाच्या कालवणाला विटाळ लागत नाही, कारण करायला दुसरं कुणी नाही. राहिलं फक्त देवघर आणि पानवेल. वादळात मागची सुपारीची वाडी आडवी झाली तेव्हा जी एक पोफळ उभी राहिली तिच्यावर सासूबाईंनी ही वेल चढवली, तिला त्या पोटच्या पोरीसारखं जपतात. बाई वाईट नाहीत गं. ऑपरेशननंतर मऊ भात आणि मेतकूट खाऊ घातलं, केस विंचरून दिले. सकाळी देवासाठी विड्याची पानं तोडायचं काम माझं, बाजूला असले की त्यांचं. या महिन्यात माझी पाळी लांबली आणि मी पानं तोडतच राहिले. ते सासूबाईंच्या लक्षात आलं. एके दिवशी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझा हात रोज वेलीला लागताना दिसतो ना, बरं वाटतं बघ मला." त्या दिवसापासून त्या मला पाण्याची कळशी उचलू देत नाहीत. नवराही उगाचच शीळ घालत फिरतो. मी स्वतः दुकानातल्या झबल्यांकडे बघून आले, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग डावी बाजू दुखायला लागली. गाठीच्या आधी दुखायची तशीच, कुणीतरी आतून पिळा घालतंय अशी. दुपारपर्यंत रक्तही आलं. सासूबाईंना सांगायचं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या तूप कढवत होत्या, माझ्यासाठी. मी तांब्याभर पाणी घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत वाडीत गेले आणि पानं तोडली. त्यांनी ती देवापुढे ठेवली, हात जोडले. तू नसलेली पाळी आहे म्हणून सांगायचीस, मी असलेली लपवते आहे. तुला निदान पडायला तरी मिळायचं. मी दुखणं दाबून पाहुण्यांच्या भाकऱ्या थापते आणि हसते.

वेलबिल जळत नाही, हे मला कळतं. शिकलेली आहे मी. पण रोज पानं तोडताना आधी देठ बघते. आज खालची दोन पानं पिवळी होती. पाण्याची नळी सरकली असेल, ऊनही वाढलंय. सासूबाईंना दिसायच्या आत मी ती खुडली आणि बंबात टाकली. डॉक्टरीणबाईंना फोन केलेला नाही. केला तर त्या विचारतील कधीपासून, आणि मला ते मोठ्याने सांगावं लागेल. नवरा शेजारच्या खोलीत आहे.

हा कागदही मग बंबातच जाईल. तुझ्यापर्यंत तो पोचायचा नाही, पण या घरात ठेवण्यासारखाही नाही. माझ्या उजव्या हातात पेन आहे, आई. डावा कुठे आहे ते तुला सांगायला नको.