आठशे मीटर फ्लोरिनमुक्त

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठा शोध लागतो तेव्हा वही तयार असावी.

आमच्या रेनकोटच्या कापडावर जे कोटिंग असतं त्यातली फ्लोरिनची रसायनं वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत जातात. पुढच्या महिन्यापासून बंदी. मीटिंगमध्ये सगळे मूग गिळून बसले. मी म्हणालो, तीन आठवड्यांत फ्लोरिनशिवाय देतो. कसं, ते माहीत नव्हतं, पण कुणीतरी बोलायला हवं होतं. मोठे साहेब म्हणाले, नाही जमलं तर लाइन बंद, चाळीस माणसं घरी.

८ मार्च
नमुना एक ते सहा. पाणी आरपार. हवा दमट आहे.

१२ मार्च, दुपारी ३.४०
जमलं. मेण आणि सिलिकॉन, जुन्या मोठ्या टाकीत. पाण्याचा थेंब कापडावर उभा. तेलाचा टाकला, तोही उभा. फ्लोरिनशिवाय तेल अडत नाही असं पुस्तकं सांगतात. पुस्तकं जुनी असतात.

तपासणी विभागातल्या बाई (मी मनात शंकासूर म्हणतो) बघून म्हणाल्या, सर, तेल अडतंय याचीच भीती वाटते, टाकीत आधी काय होतं? म्हटलं, टाकी धुतलेली आहे. दोनदा धुवा असं सांगितलं होतं. एकदा तरी धुतली असणार.

१४ मार्च
त्यांचा फ्लोरिन-टेस्टचा फॉर्म सहीसाठी आला. बाजूला ठेवला. साहेबांना घाई आहे. आठशे मीटर कापड शाळेचे रेनकोट शिवणाऱ्या कंपनीकडे रवाना, 'फ्लोरिनमुक्त' म्हणून. त्या कागदावर सही केली. सही झोकदार आली.

१६ मार्च, रविवार
हिला सगळं सांगितलं. ही शाळेत रसायनशास्त्र शिकवते. म्हणाली, अहो, परत करून बघितलंत का? आम्ही आठवीच्या मुलांनाही तीनदा करायला लावतो. आठवीच्या मुलांची गोष्ट वेगळी.

१७ मार्च
हिच्या समाधानासाठी नव्या, कोऱ्या टाकीत परत केलं. पाणी अडलं. तेल झिरपलं. कापड खराब असणार. दुसरी गाठ आणवली, तीही खराब. तिसरीही. खरेदी खात्याला कडक पत्र लिहायचं. नमुने कचऱ्यात.

१८ मार्च, सकाळी ११
शंकासुराने सहीची वाट न बघता टेस्ट केली. टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमध्ये जुनं कोटिंग साचलेलं होतं. गेलेल्या कापडात फ्लोरिन भरपूर. कुणाला सांगितलंत, मी विचारलं. आधी तुम्हालाच, त्या म्हणाल्या. परवा रेनकोटच्या कंपनीत कापड बेतायला घेणार आहेत.

दुपारी २
यंत्र चुकलं असेल. यंत्र तपासलं. यंत्र चुकलेलं नाही.

दुपारी ४
साहेबांकडे गेलो. साहेब फोनवर होते.
नव्हते. मी दारातूनच परत फिरलो.

१९ मार्च, सकाळी ९.१०
जेवण गेलं नाही, झोप लागली नाही. आज साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्या सहीचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, सही तुमची, फोनही तुम्हीच करा.

९.४०
बोलायचं लिहून काढलं. शास्त्रज्ञाचं धैर्य वगैरे. दीड पान. नंबर दोनदा चुकीचा लागला, बटणं लहान आहेत.

१०.१५
फोन झाला. तिकडच्या क्वालिटीच्या मॅडमनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. म्हणाल्या, आम्ही प्रत्येक गाठ तपासतो, सोमवारीच कळलं, कापड बाजूला ठेवलंय. तुम्ही स्वतःहून सांगताय का, तेवढंच बघत होतो. मी विचारलं, कधीपर्यंत बघणार होता? आज दुपारपर्यंत, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, फक्त पाणी अडवणारं, तेल न अडवणारं काही आहे का? शाळेच्या मुलांना तेल कशाला अडवायचंय.

मी म्हणालो, बघून सांगतो.

दुपारी ४
सतरा तारखेचे नमुने कचऱ्याच्या डब्यात नव्हते. बाईंनी त्याच दिवशी उचलून, तारीख घालून, कपाटात ठेवले होते. फ्लोरिन शून्य. लाइन चालू राहणार.

साहेबांनी नव्या कोटिंगचं काम बाईंकडे दिलं. माझ्याकडे जुनी टाकी आहे. व्हॉल्व्ह खोलायचा, तीनदा धुवायचा, आणि धुतला म्हणून बाईंची सही घ्यायची.