दुसऱ्या उत्तराची हाव

१२ जानेवारी, सकाळ
संकल्प. नोकरीत असताना लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली बारीकसारीक युटिलिटी रुटीन्स एकत्र करून इंटरनेटवर ठेवणार. यादी उलटी करणं, दोन याद्या जोडणं, असली. जगाला फुकट. या कोड-संग्रहाचं, म्हणजे लायब्ररीचं, नाव 'गाठोडं'. ही म्हणाली, नाव शोभतंय, माळ्यावरची दोन आहेत, तीही देऊन टाका.

१९ जानेवारी
कोड तयारच आहे. प्रत्येक रुटीनच्या डोक्यावर दोन ओळींची कविता घालतोय. शाळेतल्या कविता चालीमुळे अजून पाठ आहेत. मॅन्युअल कधी कुणाला पाठ झालंय? तो वर्ग, खडूचा वास, शेवटच्या कडव्याला सगळ्यांचा चढलेला सूर... दुपार गेली. टेस्टिंग राहिलं.

२ फेब्रुवारी
टेस्टिंग केलं. गाठोडं प्रकाशित! भाषाच गोड. मशीनला कसं करायचं ते सांगायचं नाही; काय खरं आहे ते सांगायचं आणि प्रश्न विचारायचा. उत्तर येतं. आणखी हवं तर सेमीकोलन दाबायचं, ते पुढचं शोधतं. मला कधी गरज पडली नाही. पहिलं बरोबर आलं की एंटर, आणि चहा.

९ फेब्रुवारी
सूनबाई कॉलेजात हीच भाषा शिकवते. अजून कंत्राटावर. महिनाअखेरीस विभागप्रमुख तिच्या तासाला मागे बसणार, त्यावर कायम करायचं की नाही ते ठरणार. म्हटलं, माझं गाठोडं वापर. ती म्हणाली, बाबा, नीट तपासलंय ना, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हटलं, डोळे झाकून वापर. चिरंजीव म्हणाले, उघडेच ठेव गं. हल्लीची पिढी!

१५ फेब्रुवारी
पहिला वाचक! कुणी अनोळखी लिहितो: उलटलेली यादी देऊन मूळ यादी विचारली तर पहिलं उत्तर बरोबर, पण सेमीकोलन दाबलं की मशीन अडकतं, परत येतच नाही. अरे, मूळ यादी एकच असणार. दुसरी शोधायचीच कशाला? तक्रारीखाली, सर्वांना दिसेल असं, उत्तर दिलं:
'मागशील ते देईन रे, एकदाच पण नीट;
पुन्हा हात पसरू नये, हीच आमची रीत.'
चाल झकास बसली.

१७ फेब्रुवारी
सूनबाईला सांगावं का? उगाच टेन्शन घेईल. आधी दुरुस्त करतो, मग सांगतो.

२० फेब्रुवारी
दुरुस्ती उद्या. आज त्या दोन ओळींना आणखी दोन सुचल्या.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
तास झाला. सूनबाईने मुलाला सांगितलं, मुलाने हिला, हिने मला. थेट माझ्याशी बोलायला ती दोघं तयार नव्हती.
तिने गाठोडं वापरून उलटलेल्या यादीवरून मूळ यादी विचारली; उत्तर आलं, वर्ग खूश. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, आणखी एखादं उत्तर आहे का बघा ना. सूनबाईने सेमीकोलन दाबलं. मशीन ढिम्म. विभागप्रमुखांनी मोबाइलवर शोधलं. तक्रार सापडली, खालची कविता सापडली, तारीखही. वर्गाला वाचून दाखवली. चालीत नाही, सपाट. खाली माझं नाव. आडनाव तेच, जे फळ्यावर तिच्या नावापुढे होतं. मुलं हसायची थांबेनात.
दोष मशीनचाही आहे. अडकलं तर निदान तसं म्हणावं.

२७ फेब्रुवारी
जेवताना सूनबाईने शांतपणे विचारलं, बाबा, तक्रार तासाच्या आधीच आली होती ना? मी म्हटलं, आज भाजीत मीठ कमी आहे. नव्हतं. ही म्हणाली, लाज वाटायला मीठ लागत नाही. पान अर्धं टाकून उठलो.

५ मार्च
कायम केलं नाही. आणखी एका सत्राचं कंत्राट, तेही उपकार केल्यासारखं.
दुपारी गाठोडं पुसून टाकायला बसलो. सूनबाई खोलीत आली. 'माफ कर' म्हणायचं ठरवलं होतं. त्याआधी तीच म्हणाली, काढू नका बाबा, चुका कशा शोधायच्या याचे तास घेतेय, सगळे त्याच्यावरच बेतलेत, दुसरीकडे इतक्या एका जागी मिळत नाहीत. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच: मग मी येऊ का वर्गात, समजावून द्यायला?
नको बाबा, ती म्हणाली, आणि जाताना दार हळूच लावून घेतलं.