मागे राहिलेलं पिल्लू

प्रिय कादंबरी,

आम्ही सुखरूप पोहोचलो. एव्हाना शनिवार पेठेत बाबांनी कासवांची गोष्ट सांगितली नाही असं कुणी उरलेलं नाही. निघताना मात्र म्हणत होते, "कासवंच बघायची तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आहेत की. दुपारी जेवायला घरी येता येतं."

पण त्या सकाळी तुमच्या किनाऱ्यावर तू कुंपणातल्या घरट्यावरची टोपली उचललीस, खालची वाळू हलायला लागली आणि बाबाच सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. सोडलेली सगळी पिल्लं पाण्यात गेली, एक तेवढं मागे राहिलं. लाट आली की उलटं व्हायचं, धडपडत पुन्हा सरळ व्हायचं. बाबा उचलायला वाकले, तर तू त्यांचा हात धरलास. म्हणालीस, "बाबा, त्याचं त्याला चालू द्या. चालता चालता त्याला हा किनारा ओळखीचा होतो म्हणतात. मादी असेल तर मोठी झाल्यावर अंडी घालायला इथेच येईल." ऑपरेशन झाल्यापासून खाली बसायला घाबरणारा तो माणूस चक्क ओल्या वाळूत मांडी घालून बसला. पिल्लू दिसेनासं झालं तरी उठेना.

तुझ्या लक्षात आलं नसेल, पण नंतर ते तुझ्याकडेच बघत होते. कोल्ह्यांनी कुंपणाच्या जाळीखाली उकरलं म्हणून गावातली माणसं तुला विचारायला आली आणि तू शांतपणे एकेकाला काम वाटून दिलंस. घरात स्वतःचा टॉवेल न सापडणारी मुलगी ती हीच का, असं मलाही वाटलं.

बाबांची बायपास झाल्यापासून तू तिथलं काम सोडून पुण्याला यायचं म्हणते आहेस. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. तुझी खोलीसुद्धा आवरून ठेवली. पण येताना घाटात बाबा म्हणाले, "तिला सांग, येऊ नको म्हणावं. मी ठीक आहे." तेव्हा राजीनामा देऊ नकोस, बाळा. दवाखान्यात न्यायला मी आहे, वरच्या मजल्यावरचा गंधार आहे. तू सुट्टीला ये, पोटभर जेव आणि परत जा. हे बाबाच तुला लिहिणार होते. दोन ओळी लिहिल्या, चष्मा पुसायला म्हणून उठले, ते पुन्हा टेबलाशी आलेच नाहीत. म्हणून मी लिहिलं.

तुझीच,
आई