गच्चीवरचा चौकटीचा शर्ट

९ फेब्रुवारी
लाईनवाला परत आला. निवडुंग तारेला टेकलाय, आठ दिवसांत तोडा, न्हाई तर आम्ही तोडतो, म्हणाला. बराबर बोलला बिचारा. लग्नाच्या वर्षी अनिलनं आष्टीहून वीतभर तुकडा आणून कंपाउंडच्या कोपऱ्यात खोचला होता, तो आता गच्चीच्या वर गेला. पाणी न्हाई, खत न्हाई, कुणी विचारत न्हाई, तरी खांबासारखा सरळ वाढून राह्यलाय. सासूबाईंना सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तोड. पण तुकडे सगळे लावून दे मला. माझ्या लेकाची तेवढीच निशाणी हाये." तेवढीच म्हणे. मंग मी कोण?

१३ फेब्रु.
तोडला. सुताराची करवत मागून आणली, गोणपाट गुंडाळून धरला तरी मनगटात सहा काटे. कापताना आवाज काकडी चिरल्यासारखा. पाच तुकडे. प्रत्येकावर स्केचपेननं बाण मारला, वरची बाजू कळावी म्हणून. उलटा लावला तर कामातून गेला. दक्षिणेकडच्या अंगाला 'द' लिहिला. जे अंग उन्हाला सवयीचं, तेच परत उन्हाकडं ठेवायचं, न्हाई तर साल भाजते. लॅबमध्ये दिवसभर बियांना लेबलं, घरी बी तेच.
सासूबाई हळद घेऊन बसल्या. कापलेल्या तोंडांना इतकी चोपडली की मी म्हणलं, "आई, नवरदेवाला लावून राह्यल्या का?" हसल्या न्हाईत. "जखम हाये," म्हणाल्या.
पाची मधल्या खोलीत गोणपाटावर आडवे टाकले. खपली धरेपर्यंत माती न्हाई, पाणी न्हाई. तीन-चार आठवडे.

१८ फेब्रु.
स्टेशन रोडला वकीलबाईंकडं. अनिल जाऊन सात वर्षं पुरी झालीत, आता कोर्टाकडनं मयत ठरवून घेता येतं. पोलिसांचा कागद हाये, पेपरातली जाहिरात हाये. शेजारचा एक साक्षीदार लागंल, इतक्या वर्षांत दिसले न्हाईत म्हणणारा.
सात वर्षं! नळाचा वायसर घेऊन येतो म्हणून गेला माणूस. नळ मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतला.
आमच्या लॅबच्या गोडाऊनच्या मोरेंना सांगितलं. बायको वारल्यापासून एकटेच हायेत. म्हणाले, "निकाल लागू द्या, मंग आपण लग्नाचं बोलू. मी थांबतो." जास्त बोलत न्हाईत, म्हणून तर आवडतात.
मला बी एकदाचं काय ते व्हायचंय. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन येणारी बाई आमच्या दारात अडखळते. बोलवावं का न्हाई, तिला कळत न्हाई. त्या अडखळण्याचा वीट आलाय.

२७ फेब्रु.
शेंड्याच्या मोठ्या तुकड्यानं मान वळवली. आडवा ठेवलेला उजेडाकडं वळतो, हे ठाऊक हाये. पण खिडकी डावीकडं. हा उजवीकडं वळलाय, बाहेरच्या दाराकडं. ते दार तर दिवसभर बंद. मी ड्युटीवर, सासूबाई आत. फिरवून ठेवला.

४ मार्च
परत दाराकडं. आता डावीकडनं वाकून. सासूबाईंना विचारलं, तुम्ही हात लावला का. "मी कशाला लावू? काटे हायेत." खरंय.
चहा पिताना त्याच्याकडं पाठ करून बसले. मंग स्वतःचाच राग आला. काय बाई मी, निवडुंगाला भिऊन राह्यले!

६ मार्च, रजा
पिंपळे काकूंकडं कुरडया घालायला गेल्ते. पहाटेपासून चीक शिजवला, आठपर्यंत त्यांच्या गच्चीवर दोन साड्या भरून कुरडया. समोरच्या बाजूला आमची गच्ची, एवढी मोकळी की लाज वाटली. दुपारी वकीलबाईंकडं, सह्या. आल्यावर तुकडे बघितले. पाची गोणपाटावर. खपली छान धरलीय, बोटानं वाजवलं तर टणक.

९ मार्च
दोन नासले. खालून काळे, बोट घातलं तर आत गेलं. घाण वास. घरामागं टाकून दिले. सासूबाईंनी दिवसभरात पाणी सुद्धा मागितलं न्हाई.

१३ मार्च
उरलेले तीन लावले. तेलाचे डबे, वाळू, मुरूम. गच्चीवर, 'द' दक्षिणेला. मोठ्याला बांबूचा आधार. डब्यासकट तो माझ्या कपाळाला लागतो. एकटीनं चढवले. सासूबाईंचे गुडघे, त्या काही जिना चढत न्हाईत.

१६ मार्च
ऊन कडक झालं. नव्या तुकड्यावर कापड पाहिजे. जुनी चादर मागितली, तर सासूबाईंनी पेटीतून अनिलचा चौकटीचा शर्ट काढून दिला. "हा घाल." सात वर्षं पेटीत होता. घड्या पडलेल्या तिथं कापड पिवळं. घातला. वरनं वाऱ्यानं उडू नये म्हणून बटणं बी लावली. खाली येऊन गेटमधनं बघितलं तर अनिलच उभा. हुबेहूब.

२४ मार्च
पिंपळे काकूंना साक्षीचं विचारलं. त्यांनी पदर सावरला, दार लोटून घेतलं.
"अगं, पण मी त्यांना पाह्यलं ना!"
मी हसले. म्हणलं काकू, तो निवडुंग हाये, त्याला शर्ट घातलाय.
"तो बी बघितला. मी आधीचं सांगून राह्यले. आपण कुरडया घातल्या त्या दिवशी. तू गेलीस, मी राखत बसल्ते. बारा-साडेबाराला तुमच्या गच्चीवर उभे. पाठमोरे. चौकटीचा शर्ट. मी म्हणलं, आले असतील. नवरा-बायकोतलं, आपण कशाला मधी तोंड घाला. तू हून सांगशील."
"काकू, उन्हात बसून तुम्हाला भास..."
"मानेवर खाजवलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "निवडुंग खाजवतो का?"

त्याच दिवशी
ही वही उघडून बघितली. ६ मार्चला पाची तुकडे घरात, गोणपाटावर. माझ्या हातानं लिहिलंय. शर्ट १६ ला घातला, त्याच्या आधी पेटीत. पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.
आणि तो वाकलेला शेंडा. दार दिवसा उघडं राहत असंल, तरच त्या अंगानं उजेड येईल.

२५ मार्च
सासूबाईंना सरळ विचारलं. अनिल आल्ता का? त्यांनी घास खाल्ला, पाणी प्याल्या. मंग म्हणाल्या, "घर त्याचं हाये. आला असंल." आई, आला का न्हाई? "तू कोर्टात जाऊन राह्यलीस ना? मंग तुला काय करायचंय." ओरडले मी. ताट सुद्धा आपटलं. त्यांनी भात सांडला तेवढा गोळा केला.
खोटं बोलत होत्या का डोकं फिरलंय, कळेना. वागण्यात तर बिलकुल फरक न्हाई.

२ एप्रिल
घरामागं टाकलेल्यातला एक तुकडा वाळून चिपाड झाला होता. त्याची चकती कापून लॅबमध्ये नेली, कुणाला न सांगता. उगवत न्हाई त्या बियांना आम्ही औषधात भिजवतो. जिवंत असंल तर लाल होतं, मेलेलं पांढरं राहतं. त्यात मत चालत न्हाई.
दुपारून बघितलं. लाल. कडेपासून आतपर्यंत लाल.
मोरे मागं येऊन उभे होते. "कशाचं बी हाये?" म्हणलं, असंच. डिश धुऊन टाकली. रंग बेसिनमध्ये लवकर जाईना.

८ एप्रिल
शर्ट धुवायला काढला. कॉलरच्या आतल्या अंगाला काळा पट्टा, घामाचा असतो तसा. धूळ असंल, काजळी असंल. एमआयडीसीकडनं वारं आलं की सगळी गच्ची काळी होते.
वास घेऊन बघितला. का घेतला देव जाणे. साबण दोनदा लावला. परत घातला न्हाई, तिथं आता पोतं बांधलंय.
मोठा तुकडा हलवून बघितला. हलत न्हाई. मुळ्या धरल्या.

१५ एप्रिल, कोर्ट
काकू आल्त्या. रिक्षात म्हणाल्या, "तू म्हणशील ते सांगते बाई. न्हाई पाह्यलं म्हण, तर न्हाई पाह्यलं." माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाल्या. इतकं सोपं होतं. मोरे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर बाकावर. त्यांनी रजा टाकल्ती.
साडेबाराला पुकारा. शपथ घेतली. साहेबांनी विचारलं, पती हयात न्हाईत असं तुमचं म्हणणं आहे का? वकीलबाईंनी मान हलवून दाखवली, हो म्हणा. मी दोन महिने हेच वाक्य आंघोळ करताना सुद्धा म्हणून बघितलंय. तोंडातून निघेना. "साहेब, मला तारीख द्या," म्हणलं.
वकीलबाई बाहेर येऊन काय काय बोलल्या. मोरे एवढंच म्हणाले, "किती दिवस?" मी म्हणलं, माहीत न्हाई. ते गाडी काढून गेले. राग तरी करायचा होता माणसानं.

१८ एप्रिल, पिंपळे काकूंची गच्ची
रजा. घरी सांगितलं न्हाई. डबा घेऊन नेहमीसारखी निघाले, चौकातनं वळून मागच्या गल्लीनं इकडं आले. काकूंनी चटई टाकून दिली.
सव्वाअकरा. आमची गच्ची. तीन डबे, मोठ्याला पोतं. बाकी कुणी न्हाई. रस्त्यानं भंगारवाला गेला.
बारा. मी उगाच आले. घरी जाऊन झोपावं.
बारा दहा. सासूबाई वर आल्या. एक हात कठड्याला, एका हातात ताटली. ताटलीत दोन कप. गुडघे म्हणे! निवडुंगाकडं बघितलं सुद्धा न्हाई. पाण्याच्या टाकीच्या सावलीला जाऊन बसल्या, टाकीकडं तोंड करून. टाकीच्या पलीकडचं इथनं दिसत न्हाई. एक कप हातात घेतला, दुसरा टाकीआड सरकवला.
बोलून राह्यल्यात. थांबतात, मान हलवतात, परत बोलतात. आता हसल्या. माझ्यासमोर त्या सात वर्षांत असं हसल्या न्हाईत.
बारा पंचवीस. कप तिकडंच हाये.
जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, आपला जिना चढायचा. दोन मिनिटं. टाकीआड कुणी नसलं तर मोरेंच्या घरी जाऊन सांगते, उद्याच्या उद्या. असला तर गचांडी धरून विचारते, कुठं होतास मेल्या, मला का न्हाई, आईलाच का. सगळं तयार हाये तोंडात. पायात चपला बी घातल्या.
काकू म्हणाल्या, "जातीस का?"
"जाते."
बारा चाळीस. सासूबाई एकट्याच उठल्या. ताटली हातात. कप किती ते इतक्या लांबनं मोजता येईना. त्या खाली गेल्या, टाकीआड गेलं न्हाई कुणी, आलं न्हाई कुणी. मी चपला घालून चटईवर बसलेय.