आत्या आकाशपाळण्यात

रविवार, संध्याकाळ. पेडगाव.

आत्ताच घरी पोचलो. पोरी बसमध्येच झोपल्या. माझी छाती अजून धडधडतेय, पण बरं वाटतंय.

सासूबाईंना वॉटर पार्कला न्यायचं म्हटल्यावर ह्यांनी बजावलं होतं, आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, जपून. म्हणून मी सासूबाईंनाच म्हणाले, "आत्या, तुमी सावलीत बसा, पिशव्या सांभाळा." आणि पोरींबरोबर पाण्यात उतरले. बाहेर येऊन बघते तर बाकावर नुसत्या पिशव्या. आत्या नाहीत! दिसेल त्याला विचारत पळत सुटले, माइकवर नाव पुकारायला लावलं. ह्यांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात थोरली ओरडली, "आई, वर बघ!"

आकाशपाळण्यात, अगदी वर, आत्या एकट्याच. पदर उडतोय आणि त्या हसतायत.

उतरल्यावर मी रडतच विचारलं, "पिशव्या सोडून कुठं गेलात?"

"पिशव्या कोण न्यायलंय? समदे तर पाण्यात हायेत. तिकीट माझंबी काढलंय ना?"

मी त्यांना फिरायला नेलं होतं की राखणीला? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांना असं हसताना कधी पाहिलं होतं मी?

मग सगळ्याच पाळण्यात बसलो. वर गेल्यावर मी डोळे गच्च मिटले. आत्यांनी माझा हात धरला. "उघड गं डोळे, लय लांबचं दिसायलंय."

मी उघडले.