खिशातलं मशीन

अहो,

मी ताईकडे चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

तुमची बोटं जाड, म्हणून मोठ्या बटणाचं कानाचं मशीन मीच हट्टानं निवडलं. मशीनवाल्या बाई म्हणाल्या होत्या, आधी घरातल्या माणसाचा आवाज ऐकायची सवय करा. तुम्ही म्हणालात, घरात ते नुसतं घूं घूं करतं. मी खुळी, पंखा बंद करून, घामाघूम होत, घसा बसेपर्यंत तुमच्याशी बोलत राहिले.

काल तुमचे बुद्धिबळवाले मित्र आले. तुम्ही खिशातून मशीन काढून कानात घातलंत आणि हळू आवाजात मनसोक्त गप्पा मारल्यात. पंखा डोक्यावर गरगरत होता. त्यांची पाठ वळली आणि मशीन परत खिशात! मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

म्हणजे घूं घूं मीच होते तर.

बॅटरी नवी घातलीय. आता घरात खुशाल वापरा, बोलणारं कुणी नाही.

आणि न सांगता गेली म्हणू नका. काल जेवताना तोंडावर सांगितलं, "मी उद्या ताईकडे जातेय, परत येईनच असं नाही."

तुम्ही मान डोलावून म्हणालात, "हो, छान झालंय."